पंचवीस फुटांचा माळा

टॉवरवर आम्ही पाच जण उभे होतो आणि समोरच्या अख्ख्या तलावावर पक्षी नव्हते.

अगदी एकही नव्हता म्हटलं तर खोटं होईल. पलीकडच्या काठाला, पार लांब, तपकिरी ठिपक्यांची एक रांग दिसत होती. दुर्बिणीतून बघितलं तर ते चक्रवाक निघाले. बाकी तलाव साफ. जानेवारीची सकाळ, आठ वाजलेले, वारा नाही. मागच्या जानेवारीत याच जागी इतके पक्षी होते की मी मोजायचा नाद सोडून दिला होता.

रेंजर देवरे साहेबांनी दुर्बीण खाली घेतली. "मॅडम, पक्षी कुठंयत?"

"मागच्या वर्षी होते की," मी म्हटलं.

"मागच्या वर्षी टॉवर नव्हता," ते म्हणाले.

ते सहज बोलून गेले. त्यांना काही सुचवायचं नव्हतं. पण मला ते झोंबलं, कारण टॉवर माझा होता.

मी आर्किटेक्ट. जळगावात सव्वीस वर्षं प्रॅक्टिस करते. सावद्याच्या व्यापाऱ्यांसाठी केळी पिकवायचे चेंबर, दोन मंगल कार्यालयं, एक दवाखाना आणि असंख्य बंगले बांधलेत. बंगल्यांच्या मालकांना पुण्यात बघितलेला कुठला तरी बंगला जसाच्या तसा हवा असतो, आणि मी भांडून भांडून त्यातला निम्मा कमी करते. पक्ष्यांसाठी काम करायची माझी पहिलीच वेळ होती, म्हणून मी जरा जास्तच हुरळले होते.

तलाव धुळ्याकडे आहे. नाव सांगत नाही, नाहीतर येत्या रविवारी अर्धं जळगाव डबे घेऊन तिथं पोचेल. देवरे साहेब तिथले रेंजर, म्हणजे त्या भागातल्या जंगलाचा आणि आता या तलावाचाही कारभार त्यांच्याकडे. माणूस सरळ. फायलीला मात्र देवासारखा भितो. माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी चहाआधीच विषय काढला.

"मॅडम, पक्षी निरीक्षणासाठी टॉवर करायचाय. सस्टेनेबल पाहिजे."

"म्हणजे नक्की कसा?"

"सिमेंट दिसलं नाही पाहिजे. लोकल मटेरियल, लोकल स्टाइल. आणि उंच."

"उंच कशाला?"

"मंजुरीत टॉवर लिहिलंय. उंच नसला तर टॉवर कसा म्हणणार?"

हे उत्तर ऐकून मी हसले. आज वाटतं, तेव्हाच दोन प्रश्न आणखी विचारायला हवे होते. पण क्लायंट समोर बसून 'लोकल मटेरियल' म्हणतोय, आणि मी बंगल्यांच्या काचा नि ग्रॅनाइटला विटलेली. मी लगेच हो म्हटलं.

जागा बघायला गेले तो दिवस मी विसरणार नाही. हा तलाव पावसाळ्यात भरतो. दिवाळीनंतर पाणी मागं सरकायला लागतं आणि काठाची गाळाची जमीन उघडी पडते. जमीन सरकारी, पण दरवर्षी तात्पुरत्या परवान्यावर गावातल्या अकरा घरांना ती कसायला मिळते. याला गाळपेरा म्हणतात. नुसत्या ओलीवर हरभरा, गहू आणि दादर येते. दादर म्हणजे आमच्या खान्देशातली रब्बीची ज्वारी. भाकरी खाल्लीत तर दुसरी ज्वारी तोंडात घालणार नाही, एवढंच सांगते.

वेणूअक्कांची पट्टी पाण्याला अगदी लागून होती. साठीच्या बाई, उन्हानं रापलेल्या, बोलायला फटकळ. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, दुसरी जमीन नाही. आम्ही गेलो तर त्यांनी ओळख ना पाळख, आधी बसा म्हटलं, शेणकुटांची आगटी पेटवली आणि दादरचा हुरडा भाजायला घेतला. कणसं हातावर चोळून गरम दाणे माझ्या ओंजळीत टाकत होत्या. आणि समोर, दगड मारला तर पोचेल एवढ्या अंतरावर, करकोचे चरत होते. त्यांच्या पलीकडे पट्टकदंब हंस, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले. हिमालय ओलांडून आलेले पाहुणे, आणि आम्ही शेजारी हुरडा खातोय. मला इतकं बरं वाटत होतं की मी देवरे साहेबांना चार वेळा थँक्यू म्हटलं.

तेवढ्यात मला अक्कांचा माळा दिसला.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. माळा म्हणजे शेतात राखणीसाठी उभारलेलं मचाण. बाभळीचे चार डांब, वर तुरीच्या काड्यांचा तट्टा, त्यावर कडब्याचं छोटं छप्पर. अक्कांचा नऊ फूट उंच होता. डांब खाली फाकलेले, वर जवळ आलेले, बांधणी सुंभाची, एक खिळा नाही. मी बघतच राहिले. हेच तर लोकल. हेच तर सस्टेनेबल. मी टेप काढला, त्याची सगळी मापं घेतली, बारा फोटो काढले. अक्का आगटीजवळून बघत होत्या. मी त्यांच्या माळ्याच्या एवढ्या प्रेमात का पडले, ते त्यांना काही कळेना.

डिझाइन आठवड्यात झालं. अक्कांचाच माळा, पंचवीस फूट उंच केलेला. तेच फाकलेले पाय, तोच तट्टा, तेच कडब्याचं छप्पर. गाळाची काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हात भेगाळते, काँक्रीटचा जड पाया तिच्यात वाकडा होतो. म्हणून मी पाय लोखंडी जाळीत भरलेल्या दगडांवर टेकवले. माती हलली तरी दगड जरा सरकून घेतात. उद्या कुणाला टॉवर नकोसा झाला तर दगड नि लाकूड उचलून न्यायचं, जमीन होती तशी मोकळी. यालाच मी सस्टेनेबल म्हणते. बाकीचं ब्रोशरवाल्यांनी म्हणावं.

लाकडासाठी मी जामनेरला युसूफभाईंकडे गेले. युसूफभाई मिस्त्री म्हणजे तीन पिढ्यांचे सुतार. माझ्या बंगल्यांच्या चौकटी तेच करतात आणि माझी ड्रॉइंग्ज बघून नाक मुरडण्याचा हक्कही त्यांनाच आहे. त्यांच्या वखारीत एका बंद पडलेल्या जिनिंगचं सागवान पडलेलं होतं. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. त्याच्या छपराच्या तुळया, काळ्या पडलेल्या, पण वाजवल्या की घुमायच्या.

"ताई, ह्याच्यावर खिळा मारू नका," ते म्हणाले. "ह्या लाकडानं आमच्या अब्बांपेक्षा जास्त दिवस काम केलंय."

मग सगळे सांधे लाकडाचेच झाले. एका तुळईत खाच, दुसरीला जीभ, आणि वरून लाकडाचीच पाचर. मे महिन्याच्या उन्हात, डोक्याला ओला पंचा बांधून युसूफभाईंनी तो टॉवर उभा केला. साठ वर्षांचा माणूस पंचवीस फुटांवर बसून पाचर ठोकायचा आणि वरून मला ओरडायचा की खालून सूचना देऊ नका.

अक्का रोज येऊन बघायच्या. एक दिवस माझ्याशेजारी उभ्या राहिल्या, मान वर करून.

"येवढं उच्चं कसाले व माय? पाखरे ते खाले बसतस."

"अक्का, उंचावरून लांबचं दिसतं," मी म्हटलं.

"लांबनं तुले दिसी. पाखरेस्ले तू दिसशी त्यानं काय?"

म्हणजे लांबचं तुला दिसेल, पण पाखरांना तू दिसशील त्याचं काय. मी हसले. आर्किटेक्टला साइटवर येणारा-जाणारा प्रत्येक जण सल्ला देतो. एक कान सल्ला आत घ्यायला आणि दुसरा तो बाहेर सोडायला ठेवायची सवय लागते. अक्कांचं बोलणं मी दुसऱ्या कानानं सोडून दिलं. ही माझी चूक, आणि ती मी इथं ठळक लिहून ठेवते.

तर पुन्हा त्या जानेवारीच्या सकाळी. आम्ही टॉवरवर, पक्षी पलीकडच्या काठाला. फॉरेस्टचा गार्ड, सोनवणे, मागं घुटमळत होता. देवरे साहेब त्याच्यावर घसरले. "तू तर म्हणालास रोज पक्षी असतात."

"असतात ना साहेब. रोज असतात. कुणी वर चढलं का जातात."

म्हणजे टॉवर उत्तम होता. फक्त त्यावर कुणी चढायचं नाही.

देवरे साहेब खाली उतरले ते समोरच्या शेतांकडे बघतच. अक्कांच्या पट्टीत हरभरा हिरवागार होता आणि माळ्याच्या डांबाला गोफण लटकत होती. गोफण म्हणजे दोरीची पिशवी, त्यात दगड घालून गरगर फिरवून भिरकावायचा. हंस आणि करकोचे हरभऱ्याचे कोवळे शेंडे फस्त करतात, म्हणून राखण करावीच लागते.

"हे बघा," साहेब म्हणाले. "हे लोक दगड मारतात, म्हणून पक्षी थांबत नाहीत. आणखी पंधरा दिवसांनी नाशिकहून वरचे साहेब बघायला येतायत. त्यांना काय दाखवू? गाळपेरा बंद करायचं पत्र तयार करतो. पुढच्या वर्षीपासून परवाने नाहीत. तुम्ही फक्त लिहून द्या की टॉवरची रचना योग्य आहे, त्रास शेतीमुळे होतोय. तुमचंही बरं, माझंही बरं."

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. चूक माझी नाही, दुसऱ्याची आहे, हे ऐकायला कुणाला आवडत नाही? धुळ्याहून जळगावला येताना मी गाडीत सही करायच्या पत्राची वाक्यंसुद्धा जुळवली. इंग्रजीत ती फारच भारदस्त वाटत होती.

रात्री जेवताना मात्र ताटात दादरची भाकरी आली आणि अक्का आठवल्या. हुरडा हातावर चोळून देणारी बाई, आणि तिची एकमेव जमीन मी एका सहीनं घालवणार. आणि एक बारीकसा प्रश्नही टोचत होता. गोफण मागच्या वर्षीही होती. मग मागच्या वर्षी पक्षी कसे होते?

दुसऱ्या दिवशी युसूफभाईंना गाडीत घातलं आणि सरळ अक्कांच्या शेतात गेले. पत्राचं सगळं खरं खरं सांगितलं. अक्का खुरपणी करत होत्या. हात थांबला.

"म्हंजे मन्हं वावर जाई का?"

मी मान डोलावली. त्या पुन्हा खुरपायला लागल्या. डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसलं आणि म्हणाल्या, "बठ. आज दिनभर बठ आठे. देख आनि मंग लिख."

मी बसले. युसूफभाईही बांधावर बसले. तासाभरात हंस आले. आधी पाण्याच्या कडेला, मग हळूहळू हरभऱ्यात. अक्का खुरपत होत्या, खोकत होत्या, शेजारच्या शेतातल्या बाईशी मोठ्यानं बोलत होत्या. अक्कांचा कुत्रा इकडून तिकडे फिरत होता. हंसांना काही पडलेली नव्हती. अगदी जवळ, पंधरा-वीस पावलांवर, मान खाली घालून चरत होते.

मग अक्का उठल्या आणि माळ्यावर चढल्या. गोफण खालीच होती. रिकाम्या हातांनी त्या वर जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या. सगळा थवा एकदम उठला आणि पलीकडच्या काठाला गेला.

"देखं का?" अक्का वरून म्हणाल्या. "दगड नही, गोफन नही. खाले बठस ते मी त्यासनी गाय. वर चढस ते त्यासना वैरी." म्हणजे मी खाली बसले तर त्यांच्या लेखी गाय, वर चढले तर वैरी.

"पण अक्का, मागच्या वर्षी आम्ही आलो तेव्हा?"

"त्या दिन मी खाले व्हती ना. तुन्हासाठे हुरडा भाजी ऱ्हायंती."

युसूफभाईंनी टॉवरकडे बघितलं, मग माळ्याकडे, मग पुन्हा टॉवरकडे. "ताई," ते हळूच म्हणाले, "हे तर तेच आहे. फक्त मोठं."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि तो मुळीच सुखाचा नव्हता. या पाणथळीवर हे पक्षी दर हिवाळ्याला येतात, पोरांना घेऊन येतात. चार डांबांवरचा तट्टा, वर छप्पर आणि त्यात उभा माणूस म्हणजे दगड, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. माळ्याची बांधणी बनलीच मुळी पाखरांना हाकलायला. लांबून दिसावी, धाक बसावा म्हणून. आणि मी, सव्वीस वर्षांचा अनुभव गाठीशी असलेली बाई, पाखरांना जवळून बघायला तोच आकार निवडला आणि जवळजवळ तिप्पट उंच करून ठेवला. बाहेरचा कुणी आर्किटेक्ट असता तर त्यानं पुण्या-मुंबईसारखी काचेची खोली बांधली असती. ती कुरूप दिसली असती, पण पाखरं तिला ओळखत नव्हती. ही घोडचूक खान्देशातल्याच माणसाला जमणार होती.

खात्री म्हणून आम्ही आणखी दोन दिवस बघितलं. टॉवरच्या कठड्याला कडबा बांधून माणसं झाकली. तरी शिडीवर पाय पडला की थवा उठायचा. पहाटे अंधारात चढून गप्प बसलं तर जमलं असतं कदाचित, पण पक्षी बघायला येणारी आपली मंडळी नऊ वाजता येतात आणि आल्या आल्या फोटो काढतात. मग मी स्वतः डोक्यावर पदर घेऊन अक्कांच्या शेजारी खुरपायला बसले. अर्ध्या तासात एक हंस इतका जवळ आला की त्याच्या चोचीत हरभऱ्याचा शेंडा तुटल्याचा आवाज मला ऐकू आला.

तिसऱ्या दिवशी निघताना अक्कांनी माझा हात धरला. "माले लिखता येत नही," त्या म्हणाल्या. "तुले येस. खरं काय ते लिख."

देवरे साहेबांच्या ऑफिसात मी दुसरंच पत्र ठेवलं. साधं मराठीत. टॉवरची रचना चुकली आहे, ती पारंपरिक माळ्यासारखी असल्यानं पक्षी तिला घाबरतात, चूक आर्किटेक्टची म्हणजे माझी आहे, गाळपेऱ्याचा यात दोष नाही.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "मॅडम, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय."

"मारू द्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, त्यावर मी सही करणार नाही."

"आणि उद्या वरचे साहेब विचारतील की चुकीच्या टॉवरला रेंजरनं मान्यता दिली कशी? मी काय सांगू? गोफण तर मारतातच ना हे लोक?"

त्यात त्यांचं चूक नव्हतं. गोफण मारतातच. मी म्हटलं, "मारतात. पण म्हणून पक्षी गेलेत का, ते वरच्या साहेबांनी स्वतःच बघावं. मला एक तास द्या."

त्यांनी माझं पत्र परत माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "तुम्हीच सांगा त्यांना. मी मध्ये पडणार नाही." पण आपलं पत्र त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकलं, पुढे पाठवलं नाही. हे त्यांचं मी कायम मानते.

वरचे साहेब आले. उंच, कडक इस्त्री, पॉलिश केलेले बूट. टॉवर बघून खूश झाले. "व्वा, व्हर्नाक्युलर," म्हणजे अस्सल गावच्या धाटणीचा, असं म्हणाले आणि वर चढले. थवा उठला आणि गेला. साहेब रिकाम्या पाण्याकडे बघत उभे. खाली उतरल्यावर मी माझं पत्र त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "सर, आता जरा शेतात बसाल का? खुरपं घेऊन."

देवरे साहेबांनी डोळे मिटले.

वरच्या साहेबांनी माझ्याकडे बघितलं, पत्र वाचलं, पुन्हा बघितलं. मग बूट काढले. अक्कांनी त्यांना खुरपं दिलं आणि डोक्याला बांधायला मळका पंचा दिला. अकरा घरांची माणसं आपापल्या पट्ट्यांत मुद्दाम खाली बसून राहिली होती. कुणी उभंसुद्धा राहत नव्हतं. त्या तासावर त्यांचं पुढचं वर्ष अवलंबून होतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

पहिली वीस मिनिटं काही घडलं नाही. साहेब मात्र इमानानं उपटत होते. अक्कांनी जरा वेळ सहन केलं आणि मग म्हणाल्या, "साहेब, हरबरा नका उपटू. गवत उपटा."

साहेबांनी हातातलं रोप बघितलं आणि निमूट खाली ठेवलं. तेवढ्यात पंखांचा आवाज झाला. आधी सात-आठ हंस, मग मोठा थवा. पाण्याच्या कडेनं चालत, आपसात कुजबुजत, ते हरभऱ्यात शिरले. मागून करकोचे. एक हंस साहेबांपासून वीस पावलांवर येऊन थांबला, एका डोळ्यानं त्यांच्याकडे बघून चरायला लागला.

साहेब हललेच नाहीत. बऱ्याच वेळानं अगदी हळू म्हणाले, "सगळी नोकरी झाली माझी. इतक्या जवळून कधी बघितला नव्हता." मग अक्कांना विचारलं, "अक्का, तुम्हाला आवडतात का हे पक्षी?"

मला वाटलं, आता अक्का एक गोड उत्तर देतील आणि सगळं जमून जाईल. पण अक्का त्या अक्का.

"हरबरा खातस ते. त्यासमा आवडाले काय शे?" मग खुरपं चालवत म्हणाल्या, "पन नही ऊनात ते करमत नही."

नाही आले तर करमत नाही. मला तिथंच रडू आलं आणि मी ते पदरात लपवलं. पदराचा एवढा उपयोग मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

उठताना साहेब म्हणाले, "मॅडम, हे पत्र मी फायलीला लावलं तर चूक कायमची तुमच्या नावावर राहील."

"राहू द्या, सर."

"आणि हा टॉवर?"

युसूफभाई मागून पुढे आले. "खोलून देतो, साहेब. खिळा नाही त्यात. पाचर काढली की सुटलं."

फेब्रुवारीत टॉवर उतरवला. युसूफभाईंनी एकेक पाचर हातोडीच्या उलट्या ठोक्यानं सोडवली, तुळयांवर खडूनं नंबर टाकले. मी त्यांना म्हटलं, तुमची मेहनत वाया गेली. ते म्हणाले, "ताई, चौकट एकदा चुकली तर दुसऱ्यांदा बसवतो ना आपण? मग?" त्याच लाकडाचा आम्ही बांधाआड एक बुटका आडोसा केला. माणूस बसला की त्याचं डोकं बांधाच्या वर जेमतेम येतं. समोर तुराट्यांची भिंत, तिला डोळ्यापुरत्या फटी. तिथं पोचायचा रस्ता पाण्याच्या चारीसारखा खोल खणला, म्हणजे येणारा-जाणारा पक्ष्यांना दिसतच नाही. पाण्यालगतची चार-चार तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, अकरा घरांनी आपणहून पाखरांना सोडली, आणि तेवढ्यापुरती गोफण बंद.

एक गोष्ट तेवढी राहिली. मंजुरीत टॉवर लिहिलेलं होतं. त्यामुळं सात फुटांच्या त्या खोपटावर देवरे साहेबांनी झोकात पाटी लावली आहे, 'पक्षी निरीक्षण मनोरा'. येणारे लोक पाटीखाली उभं राहून मनोरा शोधतात. हंस मात्र पुढच्या हिवाळ्यात आडोशासमोर उतरले. लगेच नाही, पंधरा-वीस दिवस त्यांनी नीट चौकशी केली आणि मग उतरले.

परवाने त्याआधीच, दिवाळी सरताच आले. अकराच्या अकरा. मी साइटवर होते त्या दिवशी. अक्का कागद घेऊन आडोशात आल्या, माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, वाच. मी वाचला. अक्कांचं पूर्ण नाव, गावाचं नाव, पट्टीच्या चतुःसीमा, परवान्याचं वर्ष, सगळं. संपल्यावर त्या कागदाकडे बघत राहिल्या.

"आखो एकदाव वाच."

मी आणखी एकदा वाचला. मग अक्कांनी तो घडी करून चोळीत ठेवला आणि हरभरा पेरायला गेल्या.

माझी चूक फायलीत आहे, ती तशीच राहील. तिचा एक फायदा झाला. आता कुठल्याही गावात एखादी जुनी बांधणी डोळ्यांत भरली की मी टेप काढायच्या आधी तिथल्या माणसाला विचारते, ही कुणाला हाकलायला बांधली होती?